आईचा गुरुवार

प्रश्न : वडील जाऊन चार वर्षे झाली. वडोदऱ्याहून आई आमच्याकडे टोरांटोला आली आहे आणि दर गुरुवारी साल्साच्या वर्गाला जाते. तिथे परक्या पुरुषांचा हात धरून नाचावे लागते. आपल्या वडोदऱ्यात असे चालत नाही. मंडळातले लोक विचारतात, त्यांना काय सांगावे?

उत्तर : आईला तिथे आनंद मिळतो की नाही, याविषयी तुमच्या पत्रात एकही वाक्य नाही. म्हणून आधी वडोदऱ्याचेच बोलू.

आपल्या घरांत नाच कधीच परका नव्हता. श्रावणात मंगळागौर, आश्विनात भोंडला आणि त्याच दिवसांत गल्लीतला गरबा. पण मंगळागौर नव्या नवरीची, हळदीकुंकू सवाष्णींचे. रिंगणात कोण शिरणार, हे बहुधा कपाळावरचे कुंकूच ठरवत असे. दांडिया बाजारातली माझी आत्या यजमान गेल्यानंतर नवरात्रात ओट्यावर बसून राही. कोणी बोलावले की गुडघ्यांचे कारण पुढे करी. निऱ्यांखाली उजव्या पायाचा अंगठा मात्र तीन टाळीच्या ठेक्यावर हलत असे, आणि तेच गुडघे रोज तीन जिने चढत, हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते.

साल्साच्या वर्गात नवरा आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. आठ मोजायचे, चौथ्या आणि आठव्या मात्रेला सहसा पाऊल थांबवायचे, एकाने दिशा सुचवायची आणि दुसऱ्याने ती हाताच्या दाबावरून ओळखायची. दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो, त्यामुळे धरलेल्या हाताला नात्याचा अर्थ उरत नाही. हल्ली अनेक ठिकाणी बायकाही दिशा द्यायला शिकतात. शिवाय एखाद्याबरोबर नाचायचे नसेल, तर 'नको' म्हणण्याची मुभा असते. आयुष्यभर कोणाची तरी सून, वहिनी आणि आई म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला बासष्टाव्या वर्षी केवळ स्वतःच्या नावाने हाक ऐकू येणे आणि नकार देता येणे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

राहिले वडोदऱ्यात काय चालते ते. तिथल्या महाराणी चिमणाबाई दुसऱ्या यांनी पडदा झुगारला आणि 1927 साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. त्या गावाचा दाखला देऊन आईला मर्यादा शिकवणे तुम्हाला शोभत नाही.

एकदा तिच्याबरोबर जाऊन कोपऱ्यात बसून पाहा. कोणाचे वागणे खटकते का, हे तिलाच विचारा. तिच्या वतीने तुम्ही ठरवू नका. तिला न विचारता चित्रफीत नातेवाइकांच्या गटात टाकू नका. रबरी तळाचे बूट जमिनीला धरून राहतात आणि गिरकी घेताना गुडघा पिळवटतो, तेव्हा नाचाचे, मऊ चामड्याच्या तळाचे बूट घेऊन द्या.

मंडळातल्या लोकांना एवढेच सांगा की गुरुवारी संध्याकाळी आई मोकळी नसते, भेटायचे असेल तर शुक्रवारी यावे.