बाबांना आधी गाडीत बसवून बघ

टेक्सासहून एका मुलाचं पत्र आलंय. गाव मंगरूळपीर तालुक्यात, आई-बाबा तिथेच. लिहितो, "मावशी, स्कोडा स्लाव्हिया घेऊ की फोक्सवॅगन व्हर्टस? दोन महिने झाले, ठरतच नाही. बाबांसाठीच घेतोय, पण दिवाळीत आम्ही तीन आठवडे येतो तेव्हा समृद्धीवर चालवायला मजा आली पाहिजे, म्हणून 1.5 टर्बोच डोक्यात आहे." शिवाय रंग कोणता, गाडी कोणाच्या नावावर, आणि बोलेरोच हवी म्हणणाऱ्या मोठ्या भावाचं काय करू, हेही विचारलंय.

बाळा, तू दोन महिने ज्या दोन गाड्यांमध्ये अडकून पडलास, त्या सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही चाकणला बनतात, सांगाडा तोच, इंजिनं तीच: 1.0 लिटर 115 पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) आणि 1.5 लिटर 150 पीएसचं. डिकी दोघींची 521 लिटर. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत 2023 साली दोघींना पाच-पाच तारे मिळाले. ज्या कंपनीचं वर्कशॉप गावाला जवळ पडेल ती घे.

मला खुपलं ते दुसरंच. "बाबांसाठीच घेतोय" असं लिहिलंस आणि पुढे पानभर बाबा कुठेच नाहीत. त्यांचं वय नाही, त्यांचे गुडघे नाहीत, गाडी ते चालवणार की शेजारचा पोरगा, तेही नाही. तीन आठवडे तुझे, उरलेले एकोणपन्नास त्यांचे.

तुझी ओढ मला कळते. आपण सगळेच इकडे बसून तिकडचं घर सजवत असतो. माझं माहेर दारव्ह्याजवळचं. आम्हीही नवराबायकोने पैसे साठवून माझ्या बाबांना एक देखणी सेडान घेऊन दिली होती. दर रविवारी फोनवर विचारायचे, "बाबा, गाडी कशी आहे?" आणि ते म्हणायचे, "झकास हाये. तू काई कायजी नको करू." दीड वर्षाने मी गेले. गाडी टिनाच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली, बॅटरी उतरलेली, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. ड्रायव्हरच्या सीटवर आईने वाकळ घडी करून घातली होती, बसायला थोडी उंच व्हावी म्हणून. मग डोकं छताला लागायला लागलं. बाबांना त्या सीटवरून उठताच येत नव्हतं. यवतमाळला दवाखान्यात ते एसटीने जात होते, आणि मला वाईट वाटेल म्हणून एका शब्दाने बोलले नाहीत. ती वाकळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून मी तुला रागावतेय.

तर आज भावाला फोन कर. बाबांना खुर्चीवर बसव म्हणावं, आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत टेपने मोज. मग शोरूममध्ये सीटची जमिनीपासूनची उंची मोज. सीट त्या मापापेक्षा खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. आईलाही ने, नेहमीच्याच लुगड्यात, आणि मागच्या दारातून चार वेळा चढ-उतर करायला लाव. पहिल्यांदा आई हसून "जमते" म्हणेल. चौथ्या वेळी खरं कळेल.

दुसरं म्हणजे रस्ता. कारंज्याला समृद्धीवरून उतरलास की ताशी 120 ची हद्द संपते. पुढे आपली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. त्यात गावोगावी लोकांनी आपल्या मनाने घातलेले गतिरोधक. या दोन्ही सेडानची जमिनीपासून उंची 179 मिलिमीटर आहे, पण ती रिकाम्या गाडीची. पाच माणसं आणि तुरीचं पोतं घातल्यावर ती तेवढी राहत नाही. वावराची पांदण तर आषाढात विसरायचीच.

माझं मत विचारशील तर त्याच कंपन्यांची कुशाक किंवा टायगुन ही उंच एसयूव्ही बघ. सांगाडा तोच, इंजिनं तीच, जमिनीपासून उंची 188 मिलिमीटर आणि सीट वर. तुझी टर्बोची हौस फिटेल आणि बाबा गाडीत सरळ बसतील, सरळ उतरतील. डिकी मात्र लहान मिळेल. मोजमापात सेडान बसली तर खुशाल सेडान घे, पण 1.0 ची ऑटोमॅटिक घे. 120 च्या हद्दीत 115 पीएस भरपूर होतात, आणि बाबांच्या डाव्या पायाला क्लचचा त्रास नाही. कोणतीही घे, आठवड्यातून एकदा ती दहा-पंधरा किलोमीटर फिरलीच पाहिजे, हे काम भावाकडे दे. बोलेरोवरून रुसलेला माणूस गाडीची किल्ली हातात आली की निवळतो.

गाडी बाबांच्या नावावर, आणि आरसीवर नॉमिनी म्हणून आईचं नाव लाव. रंग पांढरा.

टेपचं माप आलं की मला कळव. मी वाट बघतेय.