बारा जणींना काही झालं नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बचत गटातर्फे दिवाळीला उटणं, साबण आणि केसांची काळी मेंदी काढायची, गटातल्या बारा जणींनी आठवडाभर लावून बघितलं, कुणाला काही झालं नाही, आणि आता कुणीतरी म्हणतंय की सशावर टेस्ट करून घ्या आणि तुमचं मन होईना. मी सहा वर्षं अशाच टेस्ट करणाऱ्या एका लॅबमध्ये काढलीत (आता सांगलीत विश्रामबागला निवांत बसलोय) म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

ससा आधी डोक्यातनं काढा. आपल्याकडं कॉस्मेटिकची टेस्ट जनावरावर करायला २०१४ पासून बंदी आहे, त्याच वर्षी तसा टेस्ट केलेला बाहेरचा मालही आणायला बंदी आली. आणि मुळात ॲलर्जीची टेस्ट सशावर होतच नव्हती, ससा असायचा जळजळ बघायला, ॲलर्जीला गिनीपिग. सल्ला देणाऱ्याला दोन्ही एकच वाटतंय, गोची तिथंच आहे.

जळजळ म्हणजे कुणालाही होईल ती. कास्टिक जास्त पडलेला साबण लावला की सगळ्यांचेच हात भगभगणार, तासाभरात कळतं. ॲलर्जीचं तसं नाही, ती शिकावी लागते. आमची आजी पायात काटा मोडला की बिब्बा तापवून चटका द्यायची. बिब्बा भाजतोही आणि ॲलर्जीही करतो, दोन्ही गुण एकात. थोरल्या भावाला पहिल्या खेपेला नुसता डाग पडला, पुढच्या वर्षी परत दिला तर दोन दिवसांनी अख्खा पाय सुजून पाणी सुटलं, आजी म्हणाली बिब्बा उतला. त्यानंतर घरात कुणी बिब्बा भाजला तरी नुसत्या धुरानं त्याचे डोळे मिटायचे. म्हणजे पहिल्या वेळी काहीच झालं नव्हतं असं नाही, शरीर तेव्हा ओळख पटवून घेत होतं. बारीक रेणू कातडीतनं आत जातो, आपल्या प्रोटीनला चिकटतो, तिथल्या पहारेकरी पेशी ते उचलून जवळच्या लसिका गाठीत (लिम्फ नोडमध्ये) नेऊन दाखवतात आणि तिथं त्या रेणूविरुद्ध फौज तयार होते. याला दहा-पंधरा दिवस जातात, कधी वर्षं. त्या रेणूशी परत भेट झाली की मग दंगा.

आता तुमच्या बारा जणींचं बघा. एक तर आठवडा पुरत नाही. दुसरं, समजा दहातल्या एकीला त्रास देणारी वस्तू आहे (म्हणजे भयंकर वस्तू, बाजारात टिकणार नाही अशी) तरी बारा जणींत एकीलाही काही न होण्याची शक्यता शंभरात २८ निघते. आणि शंभरात एकीला त्रास देणारी असली तर तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही. तिसरं सगळ्यात वाईट, मेंदीत जर पीपीडी (केस काळे करणारं, कलपातलं केमिकल) असेल तर लावून बघता बघता त्या बारांतल्याच एखादीला तुम्ही आयुष्यभराची ॲलर्जी लावून ठेवाल. जनावर वाचवलं आणि वहिनी अडकली असं नको व्हायला.

लॅबचं सांगतो. गिनीपिगच्या मानेवर तपासायचं केमिकल टोचायचं, मग केस भादरून ४८ तास पट्टी, दोन आठवडे थांबायचं, परत पट्टी आणि मग लाली किती ते डोळ्यानं बघून ० ते ३ मार्क. मला लाल वाटलेलं माझ्या सिनियरला गुलाबी वाटायचं, रिपोर्टात मात्र आकडा. ती जनावरं मोठी बोलकी, भाजीची पिशवी वाजली की अख्खी रूम शिट्ट्या मारायला लागायची, आणि पट्टी बांधायला आत गेलो की एकदम गप्प. ते गप्प होणं मला अजून आठवतं. पुढं उंदीर आले, कानावर तीन दिवस २५-२५ मायक्रोलिटर लावायचं, सहाव्या दिवशी कानाजवळच्या गाठी काढून पेशी किती वाढल्या ते मोजायचं, तिप्पट झाल्या की वस्तू ॲलर्जीवाली. गिनीपिगपेक्षा जनावरं कमी लागतात आणि आकडा मशीनचा, पण उंदीर मरतोच. शिवाय निकेल, जे खोट्या कानातल्यांतनं कित्येक बायकांचे कान चिघळवतं, ते या उंदरांच्या टेस्टमध्ये धड पकडलं जात नाही.

आता जे आलंय ते खरंच हुशारीचं आहे. पहिली टेस्ट नुसत्या काचेच्या बाटलीत, प्रोटीनचा बारका तुकडा आणि केमिकल २४ तास एकत्र ठेवायचं आणि किती तुकडा चिकटून संपला ते मोजायचं. दुसरीत माणसाच्या कातडीच्या पेशी, धोका जाणवला की चमकतील अशा केलेल्या. तिसरीत पहारेकरी पेशींसारख्या वागणाऱ्या माणसाच्या रक्तातल्या पेशी, त्या जाग्या होतात का बघायचं. तिन्हीतल्या दोन जे म्हणतील ते खरं धरायचं, हा नियम २०२१ मध्ये ओईसीडीनं (अशा टेस्टच्या रीती ठरवणारी देशांची संघटना) मान्य केला. माणसांच्या जुन्या नोंदींशी ताडलं तर हे उंदरापेक्षा कमी पडत नाही. (शंभर टक्के शाकाहारी मात्र म्हणू नका, त्या पेशी वाढवायला वासराच्या गर्भाचं सीरम लागतं. हे ब्रोशरवर कुणी छापत नाही.)

पण ताई, यातलं काहीही तुम्ही तयार उटण्यावर करायला जाऊ नका, पैसे वाया जातील. या टेस्ट एकेका केमिकलसाठी आहेत, वजन-माप माहीत असलेल्या. उटण्यात कचोरा, वाळा, संत्रासाल, हळद, शंभर गोष्टी, आणि तेलकट वस्तू पेशींच्या पाण्यात विरघळतच नाही, मग रिपोर्ट खोटाच चांगला येतो. तुमचं काम कागदावर होतं. सेंट आणि प्रिझर्वेटिव्ह ज्याच्याकडनं घेता त्याच्याकडं सेफ्टी डेटा शीट मागा, त्यात एच ३१७ असा कोड दिसला तर त्याचा अर्थच कातडीला ॲलर्जी करू शकतं. लगेच फेकून द्यायचं असं नाही, किती टक्के घालताय त्यावर आहे, पण देणारा शीटच देत नसेल तर दुसरा दुकानदार बघा. प्रिझर्वेटिव्हमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन असेल तर अंगावर राहणाऱ्या क्रीमला नकोच, युरोपनं आधी चालवून घेतलं, लोकांना पुरळ उठल्यावर २०१७ मध्ये बंद केलं. लिंबू-संत्र्याचं तेल बाटली उघडून महिनोन्महिने ठेवू नका, हवेनं जुनं झालं की तेच ॲलर्जी करायला लागतं. आणि हो, हळदीचीही ॲलर्जी होते, क्वचित, पण होते, सांगलीत राहून हे लिहायला हात धजत नाही.

ज्या बाईला आधी कुठल्या कलपानं त्रास झालाय तिच्यावर घरी प्रयोग नको, मिरजेला स्किनच्या डॉक्टरला दाखवा, ते पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत. एप्रिल-मे सोडून जा, घामानं पट्ट्या सुटतात. लायसन्स एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) लागतं, ते वेगळं लिहीन.

मला खरी काळजी त्या काळ्या मेंदीचीच आहे. नुसती मेंदी तांबूस रंगते, अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणाऱ्या पावडरीत बहुतेक वेळा पीपीडी असतं, पाकिटावर हर्बल लिहिलेलं असलं तरी. आणि ते असेल तर लेबलवर इशारा मराठीतूनही छापावा लागतो आणि आधी लावून बघायची रीत द्यावी लागते. ज्या घाऊकवाल्याकडनं पावडर घेतलीत त्या पोत्याच्या लेबलचा फोटो टाका, नाव झाकून टाकलं तरी चालेल, घटक तेवढे दिसू देत. तोपर्यंत ती डोक्याला लावून बघायचं थांबवा.