सुनेकडचा विल्यम

प्रश्न : आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त नुकताच लिहून पुरा केला. सूनबाई इंग्लंडमधल्या डॉर्सेटची. नातू म्हणतो, ‘आजोबा, आईकडचंही घाला.’ तिचा सहा पिढ्यांमागचा पूर्वज विल्यम, शेतमजूर. १८४१च्या जनगणनेत वय ३०. शेजारच्या गावच्या चर्चमधला त्याच नावाचा १८११चा बाप्तिस्मा नेटवर मिळाला. तिथून पुढे कोणीतरी १५६०पर्यंतची वंशावळ जोडून ठेवली आहे. छापायला देऊ का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : एवढ्यात नको. १५६० हे साल अशक्य नाही. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८च्या हुकुमापासून तिथल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी होऊ लागल्या. माझा संशय आहे तो तुमच्या विल्यमवर. १८४१ला मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती. म्हणजे ‘३०’ लिहिलेला माणूस चौतिसाचाही असेल. जन्म १८०६ ते १८११मध्ये कधीही. त्या टापूत या वयाचे आणि याच नावाचे विल्यम किती, ते आधी मोजा.

मग १८५१ची जनगणना काढा. तीत नेमकं वय आणि जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. लग्न जुलै १८३७नंतरचं असेल तर सरकारी दाखल्यावर बापाचं नाव आणि धंदाही मिळेल. या दोन्हींशी १८११ची नोंद जुळली तरी त्याच चर्चचं दफनाचं रजिस्टर चाळाच. तान्हं मूल जाई, आणि पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. नेटवरच्या वंशावळींत असं वारलेलं पोर खुशाल मोठं होतं, लग्न करतं, डझनभर वंशज मागे ठेवतं! १८१३पासून छापील नमुन्यात दफनाच्या वेळचं वय लिहीत, त्यामुळे हा घोळ पकडता येतो.

गरिबाचे कागद नसतात, असं मात्र समजू नका. मजूर दुसऱ्या गावी जाऊन मदत मागू लागला, की त्याला पोसायचं कोणत्या पॅरिशने, हे ठरवण्यासाठी न्यायाधीश त्याची जबानी घेत. जन्म कुठे, वर्षभर चाकरी कोणाकडे, बायको कुठली, पोरं किती, सगळं त्यात येई. जमीनदाराच्या नुसत्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपेक्षा मला ही जबानी केव्हाही प्यारी. आपल्या कुलवृत्तान्तांत गड्यामाणसांचं इतकं कुठे सापडतं?

हे कागद टिकले असतील तर डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरला विचारा. पॅरिशचं रजिस्टर फाटलं असेल तर बिशपकडे त्या काळी दरवर्षी जाणारी त्याची नक्कल मागा. आणि आजच विहीणबाईंना फोन करून घरातल्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहिलेत का, ते पाहायला सांगा.