आमच्या वाय-फाय चिपची खास सोय व्हेंडर कमांडमधून (एकाच कंपनीपुरत्या कमांडमधून) द्यावी, की एनएल८०२११ मध्ये (प्रोग्राम आणि लिनक्स कर्नल यांच्यातल्या वाय-फायच्या दुव्यात) सर्वांसाठी इंटरफेस मागावा?

सोय किती खास आहे ते बाजूला ठेवा. ती वापरणार कोण, ते आधी सांगा. हॉस्टएपीडीसारख्या (अ‍ॅक्सेस पॉइंट चालवणाऱ्या) प्रोग्रामला ती रोजच्या कामात लागणार असेल, तर ती जेनेरिकच, म्हणजे सगळ्या चिपांसाठी एकच, हवी. यावर मी आमच्या टीम लीडशी कडाकडा भांडलो आहे, आणि आजही माझं मत तसूभर बदललेलं नाही.

आमच्या राउटरचा ड्रायव्हर वायरलेस एक्स्टेन्शन्सवर, म्हणजे एनएल८०२११ च्या आधीच्या जुन्या इंटरफेसवर, चालायचा. त्यात खासगी आयॉक्टलसाठी (प्रोग्रामने ड्रायव्हरला पाठवायच्या आज्ञांसाठी) ३२ क्रमांक राखून ठेवलेले असतात; कुठल्या क्रमांकाचा अर्थ काय, हे ज्याचा तो ड्रायव्हर ठरवतो. ट्रान्समिट पॉवरची मर्यादा आम्ही अशाच एका क्रमांकावर बसवली होती आणि आमचा प्रोग्राम थेट तो क्रमांक पाठवायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं की चिप बदलली की हे अंगाशी येईल. उत्तर मिळालं, "जेनेरिकची वाट बघत बसलो तर माल कधी विकायचा?" पुढे दुसऱ्या कंपनीची चिप आली. तिच्या ड्रायव्हरमध्ये त्याच क्रमांकावर अँटेनाची निवड होती. कमांड बिनतक्रार शून्य, म्हणजे 'यशस्वी', परत करायची, लॉग स्वच्छ, आणि रेंज मात्र पडलेली. दोष हार्डवेअरचाच, असं समजून सगळे बोर्डं तपासत बसले. शेवटी दोन्ही ड्रायव्हरांचा सोर्स शेजारी शेजारी ठेवून तो क्रमांक मीच शोधून दाखवला.

कर्नल ३.१४ पासून एनएल८०२११ मध्ये व्हेंडर कमांड आहेत. त्यांना कंपनीचा ओयूआय (तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जोडलेला असतो, म्हणून क्रमांकांची अशी टक्कर होत नाही. पण प्रत्येक चिपसाठी युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या प्रोग्राममध्ये) कोडची वेगळी फांदी लिहायची कटकट जशीच्या तशी राहते. याच पॉवर मर्यादेसाठी, म्हणजे एसएआरसाठी (शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेच्या मर्यादेसाठी), कर्नल ५.११ मध्ये जेनेरिक कमांड आली. ड्रायव्हर आपले फ्रिक्वेन्सी पट्टे जाहीर करतो, प्रोग्राम प्रत्येक पट्ट्यासाठी पाव डीबीएमच्या (डीबीएम हे पॉवरचं माप) एककात मर्यादा पाठवतो. चिप कुणाची, हे प्रोग्रामला माहीतही नसतं. "आमची चिप वेगळी आहे, जेनेरिक होणारच नाही" असं कुणी म्हणालं की मी हेच उदाहरण समोर ठेवतो.

फॅक्टरी कॅलिब्रेशनसाठी एनएल८०२११ मध्ये टेस्टमोड ही वेगळी कमांड आहे, ते काम तिथेच करा. एखादी गोष्ट खरोखर एकाच फर्मवेअरला चिकटलेली असेल, तर व्हेंडर कमांडलाही माझी ना नाही. फक्त प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचा (कमांडसोबत जाणाऱ्या मूल्याचा) अर्थ हेडरमध्ये लिहा आणि ती वापरणारा कोड उघडा ठेवा. अँड्रॉइडवर काम करत असाल तर व्हेंडर कमांड टाळता येणार नाहीत, हेही खरं. तुमची सोय नेमकी कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून याहून नेमकं सांगता येत नाही. पण तुमचे लीड "आधी व्हेंडर कमांड टाकू, जेनेरिक नंतर बघू" म्हणत असतील तर ऐकू नका. एकदा ग्राहकाच्या प्रोग्रामने ती कमांड वापरायला घेतली की ती काढायला तेच लीड तुम्हाला परवानगी देणार नाहीत.