चाळीस लाखांचं कर्ज, आई-बाबांचा फ्लॅट आणि मौखिक इतिहासाची पदवी

प्रश्न : मी ३६ वर्षांची लेखिका आणि चित्रकार, पुण्यात राहते. मुखपृष्ठं, अनुवाद, कार्यशाळा मिळून वर्षाला साधारण ७ लाख रुपये हातात पडतात. मुंबईच्या गिरणगावात खाणावळ चालवलेल्या बायकांच्या आठवणी मी काही वर्षांपासून ध्वनिमुद्रित करते आहे. आता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय. थोडी शिष्यवृत्ती वजा जाता ५८ लाख लागतील. बचत १८ लाख आहे. उरलेल्या ४० लाखांसाठी आई-बाबांचा फ्लॅट तारण ठेवावा का? दोघंही सत्तरीत आहेत.

उत्तर : प्रवेशाबद्दल मनापासून अभिनंदन. कोलंबियात या कामाची सुरुवात १९४८ सालची, आणि २००८ मध्ये सुरू झालेला हा एम.ए. अमेरिकेतला या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम. तुमची निवड पक्की आहे. माझा आक्षेप फक्त पैसे उभे करण्याच्या पद्धतीला आहे. फ्लॅट तारण ठेवू नका.

हिशेब असा. व्याजदर ११ टक्के धरू. अभ्यासक्रम वर्षभराचा, त्यापुढे हप्ते सुरू होण्याआधी बँकेची एक वर्षाची सवलत. या दोन वर्षांत काहीच भरलं नाही, तर ४० लाखांवर सरळ व्याजच ८ लाख ८० हजार चढतं. मग दहा वर्षं दरमहा सुमारे ६७,००० रुपयांचा हप्ता. तुमची आजची सरासरी कमाई महिन्याला ५८,०००. म्हणजे हप्ता तुमच्या अख्ख्या कमाईपेक्षा मोठा, आणि दहा वर्षांत बँकेला जाणार ८० लाखांहून जास्त. व्याजावरच्या प्राप्तिकर सवलतीकडे बघून हे कर्ज हलकं मानू नका. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच लागत नाही, त्यामुळे तिचा तुम्हाला उपयोग नाही.

तिकडेच नोकरी करून फेडेन, असं तुमच्या मनात असेल. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वर आणखी २४ महिने मिळतात. तुमच्या विषयात ते धरून चालू नका. संग्रहालयं, अभिलेखागारं, माहितीपट या क्षेत्रांत पगार बेताचे आणि न्यूयॉर्कचं भाडं जबर. त्या एका वर्षात खर्च भागला तरी पुष्कळ, कर्ज फिटणार नाही.

ज्यांच्या मुलाखती तुम्ही घेताय त्यांच्याकडेच बघा. गिरणी कामगार जेवणाचे पैसे महिन्याने देत, या बायकांना किराणा मात्र उधारीवर घ्यावा लागे आणि तोही चढ्या व्याजाने. त्यातून १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली झाली. छोटं कर्ज, धंद्यातून फिटेल एवढंच. तुमच्या मर्यादेसाठी मला हीच मोजपट्टी योग्य वाटते.

तुमची कमाई अनियमित आहे, म्हणून हप्ता तिच्या चौथ्या हिश्शाच्या आत हवा. तो येतो १४,५०० च्या आसपास, म्हणजे कर्ज फार तर १० लाख. शिकत असताना दरमहा नऊ-साडेनऊ हजारांचं व्याज भरत राहिलात तर मुद्दल फुगणार नाही. १८ लाखांतले ६ लाख आई-बाबांच्या आजारपणासाठी बाजूला राहू द्या, त्यांना हात लावायचा नाही. उरले १२. म्हणजे तुमच्या बाजूने २२ लाख उभे राहतात आणि ३६ लाख शिष्यवृत्तीतून यायला हवेत. ५८ च्या आकड्यावर पाच-सात टक्के वाढीवही धरा, कारण दुसऱ्या सत्राची फी भरताना डॉलर कुठे असेल ते आपल्या हातात नाही.

३६ लाख या वर्षी जमणार नाहीत, हे तुम्हालाही दिसतंय. म्हणून विद्यापीठाला आजच लेखी विचारा : प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि पुढच्या वर्षी विभागाकडून जास्त मदतीसाठी विचार होईल का? जे. एन. टाटा एंडोमेंटकडे अर्ज करा, पण ती कर्जरूप शिष्यवृत्ती आहे. मिळाली तर त्या १० लाखांतच मोजायची. इनलॅक्स शिष्यवृत्तीची वयोमर्यादा तुम्ही ओलांडली आहे, तिथे वेळ घालवू नका.

या मधल्या वर्षाबद्दल मला जास्त सांगायचंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा तिशी-चाळिशीत असलेली खाणावळवाली आज सत्तरीच्या पुढे आहे. पदवी ३८ व्या वर्षीही घेता येईल, त्या बाईची मुलाखत मात्र तेव्हा मिळेलच असं नाही. म्हणून बचतीतल्या त्या १२ लाखांतले दीड-दोन लाख आत्ताच कामाला लावा (शिष्यवृत्ती तेवढी जास्त लागेल, हे धरून) : चांगला रेकॉर्डर, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या हार्ड डिस्क, मुंबईच्या फेऱ्या आणि शब्दांकनाला मदतनीस. तासाभराच्या मुलाखतीचं शब्दांकन करायला सहा-आठ तास लागतात; ते सगळं एकट्याने केलंत तर मुखपृष्ठांची कामं सुटतील आणि कमाई घटेल. मुलाखतींची संमतिपत्रं आधीच नीट करून घ्या, त्यांच्याविना कुठलंही अभिलेखागार ध्वनिफिती स्वीकारायला कचरतं. पद्धत शिकायला फाळणीच्या आठवणी जमवणाऱ्या ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’च्या मोफत ऑनलाइन कार्यशाळा आहेत, टेक्सासच्या बेलर विद्यापीठाचीही प्राथमिक ऑनलाइन कार्यशाळा असते. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अनुदानासाठी अर्ज करा. पंधरा-वीस मुलाखती शब्दांकनासह हातात असतील, तर शिष्यवृत्तीचा अर्जही आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम होईल.

आई-बाबा ‘ठेव गं तारण’ म्हणतील, प्रेमाने म्हणतील. त्यांना ६७,००० चा आकडा कागदावर लिहून दाखवा, आणि त्याशेजारी १० लाखांच्या कर्जाचा १३,८०० चा हप्ताही. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचं पत्र आलं, की बँकेत सही करण्याआधी मंजुरीपत्र मला पाठवा. व्याजदर स्थिर की बदलता आणि विम्याचा हप्ता कर्जात मिसळलाय का, हे आपण दोघं मिळून तपासू.