विभव वाढला की कमी झाला?

परळला विज्ञानाची शिकवणी घेणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे, की चेतापेशीच्या (न्यूरॉनच्या) आतला विभव (विद्युत पातळी, ‘पोटेन्शियल’) उणे ७० मिलिव्होल्टवरून उणे ५५ वर आला, तर तो ‘वाढला’ म्हणावे की ‘कमी झाला’. मुले दोन्ही लिहितात.

दोन्ही क्रियापदे चालतील, मात्र त्यांचे कर्ते वेगळे आहेत: विभव वाढतो आणि विभवांतर, म्हणजे आतल्या-बाहेरच्या विभवांतला फरक, कमी होते. भुयारी मेट्रोच्या फलाटावरून सरकत्या जिन्याने वर येताना आपली उंची वाढते आणि जमिनीपासूनची खोली कमी होते, तसेच हे. पेशीबाहेरच्या द्रवाचा विभव शून्य धरायचा, हा केवळ संकेत आहे.

आतली बाजू ऋण का, हे कळल्याशिवाय मात्र क्रियापद नुसते पाठच करावे लागेल. पेशीत पोटॅशियम आयनांची (प्रभारित कणांची) संहती, म्हणजे द्रावणातले प्रमाण, लीटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर बाहेर जेमतेम ४ ते ५; आणि पेशी विश्रांत असताना पेशीच्या पटलातले (आवरणातले) पोटॅशियमचे काही मार्ग उघडे असल्यामुळे हे आयन धन प्रभार घेऊन बाहेर पडतात, त्यांची जोडीदार असलेली ऋण प्रभाराची प्रथिने आणि फॉस्फेटे मात्र आतच राहतात. अशा रीतीने साचलेला ऋण प्रभार पुढच्या पोटॅशियमला मागे ओढू लागतो. ही ओढ आणि संहतीतील फरकाचा रेटा यांचा तोल उणे ९० च्या आसपास साधला असता. पण थोडे सोडियम आत झिरपत असल्याने चेतापेशी साधारण उणे ७० वर स्थिरावते. यासाठी इतके थोडे आयन पटल ओलांडतात, की दोन्हीकडची संहती जवळजवळ बदलत नाही.

‘सोडियम-पोटॅशियम पंप विभव निर्माण करतो’ हे नेहमीचे वाक्य मला अर्धवट वाटते. पटलातले हे प्रथिन दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकते आणि २ पोटॅशियम आत घेते; या विषम व्यवहाराचा थेट वाटा काही मिलिव्होल्टच असतो; पंपाचे खरे काम संहतीतील फरक टिकवण्याचे आहे.

आता पुन्हा क्रियापदाकडे. सोडियमचे मार्ग उघडले, की आयन आत घुसतात आणि विभव शून्य ओलांडून अधिक ३० च्या पुढेही जाऊ शकतो. या प्रवासात विभवांतर आधी घटते आणि शून्यानंतर उलट दिशेने वाढते. विभव मात्र सलग वाढतच असतो. म्हणून मी ‘विभव वाढला’ असे लिहीन, आणि परीक्षेच्या उत्तरात ‘उणे ७० वरून उणे ५५ वर’ हे आकडेही सोबत देईन, म्हणजे तपासणाऱ्याला शंका उरणार नाही.