टेबल-खुर्चीचं नंतर, आधी पॉलिसीची तारीख बघा

प्रश्न : मी ४३ वर्षांची, पुण्यात बाणेरला राहते. अठरा वर्षं आयटी कंपनीत नोकरी करून गेल्या वर्षी राजीनामा दिला आणि घरूनच सल्लागार म्हणून काम सुरू केलं. वर्षाला साधारण ३२ लाखांची बिलं होतात, त्यातली बरीचशी माझ्या जुन्याच कंपनीची. तिसऱ्या बेडरूमचं छान, उंची होम ऑफिस करायचं आहे. डिझायनरचं कोटेशन ९ लाखांचं आहे, सोबत जोडलं आहे. बँक घरकर्जावर टॉप-अप, म्हणजे आणखी वाढीव कर्ज, द्यायला तयार आहे. टॉप-अप घ्यावा की एफडी मोडावी? ओळखीचे सीए म्हणतात, ऑफिसचा खर्च असल्याने ३० टक्के करात सुटतील. ऑफिस बघून नवे क्लायंट वीसेक टक्के जास्त दर देतील असंही वाटतं. टॉप-अपच्या हप्त्याची काळजी नाही, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या ३२ लाखांतून बँकेतल्या मॅडमनी एक गॅरंटीड उत्पन्नाची पॉलिसी काढून दिली आहे (हप्ता वर्षाला ५ लाख, १० वर्षं; बाँड नऊ दिवसांपूर्वी आला). बाकीचे पैसे एफडीत आहेत.

उत्तर : खोलीबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, लॅमिनेटच्या शेडसकट. आणि ५० लाखांचा करार कंसात उरकलात. मी तो कंस उघडूनच सुरुवात करतो, कारण त्याला तारीख आहे. खोलीला नाही.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. त्या मुदतीत पैसे जवळजवळ सगळे परत मिळतात. वजा होतं ते तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचं शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क. पाच लाखांत ही वजावट तुमच्या कोटेशनमधल्या पडद्यांपेक्षाही कमी असेल. तुम्ही म्हणता बाँड नऊ दिवसांपूर्वी आला. तो कुरिअरने आलेला कागद. पीडीएफ ईमेलवर कधी आली? मी विचारल्यावर तुम्ही शोधलंत, तर ती ‘प्रमोशन्स’च्या कप्प्यात आणखी दहा दिवस आधी येऊन पडलेली निघाली. कंपनी दिवस मोजणार ते ईमेलपासून. म्हणजे तुमच्याकडे २१ नाही, ११ दिवस आहेत. ईमेलवर तुम्हाला हे त्याच दिवशी कळवलं. इथे सविस्तर लिहितोय, कारण असेच बाँड कपाटात ठेवून बसलेले बरेच जण हे वाचत असतील.

आता ती पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनच्या (किती भरायचं, किती मिळणार याच्या तक्त्याच्या) पानावर सगळं छापलेलं आहे, खाली तुमची सहीसुद्धा आहे. दहा वर्षं दरवर्षी ५ लाख भरायचे. बारा वर्षं पूर्ण झाल्यावर दहा वर्षं दरवर्षी १० लाख मिळणार. मॅडमचा हिशोब असा: ५० लाखांचे एक कोटी, म्हणजे शंभर टक्के नफा, भागिले दहा, झाले वर्षाला दहा टक्के, वर करमुक्त. हे गणित करणाऱ्याला नापास केलं पाहिजे आणि शिकवणाऱ्याला आधी.

पैसे किती काळ अडकले ते बघा. पहिला हप्ता आज, दहावा नऊ वर्षांनी. सरासरी साडेचार वर्षं. पहिले दहा लाख बाराव्या वर्षाअखेर, शेवटचे एकविसाव्या, सरासरी साडेसोळा. मधलं अंतर बारा वर्षं. बारा वर्षांत दुप्पट. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात तितक्याने ७२ला भागलं की वर्षाचा दर अंदाजे कळतो. ७२ला १२ने भागा : सहा टक्के. मी बारकाईनेही काढून पाहिलं, सहाच्या किंचित खालीच येतं. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांनंतरच्या दहा लाखांची किंमत आजच्या पाच लाखांएवढी. पाच द्या, पाच घ्या, मध्ये एक तप थांबा.

आणि हे पैसे आले कुठून? पीएफमधून, जिथे गेली दोन-तीन वर्षं ८.२५ टक्के व्याज मिळतंय. नोकरी सोडल्यानंतरचं व्याज करपात्र होतं हे खरं, तरी खातं तसंच राहू दिलं असतं तर सहाच्या खाली गेला नसतात. राजीनामा दिला की पीएफ काढलाच पाहिजे, असा एक समज आपल्याकडे घट्ट आहे. मोठी रक्कम बचत खात्यात जमा झाली की बँकेतून फोन येतो, चहा येतो आणि फॉर्म येतो. उरलेले २७ लाख मॅडमनी एफडीत ठेवायला सांगितले, ‘पुढचे हप्ते त्यातूनच जातील’ म्हणून. म्हणजे एफडीच्या व्याजावर कर भरायचा आणि मुद्दल सहा टक्क्यांच्या पॉलिसीत ओतायचं.

करमुक्तीचं तेवढं खरं आहे. एप्रिल २०२३ नंतर काढलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला तर मुदतीअंती मिळणारी रक्कम करपात्र होते. तुमचा हप्ता बरोबर ५ लाखांवर बेतलाय. गिऱ्हाइकाकडून करमुक्त राहून जास्तीत जास्त जेवढं काढता येतं तेवढं काढलंय. तुम्हाला किती झेपेल हा प्रश्न कुणी विचारलेलाच दिसत नाही. विचारला असता तर उत्तर सोपं होतं. तुमच्या ३२ लाखांपैकी बहुतेक बिलं एकाच कंपनीची, करार बारा महिन्यांचा. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी नूतनीकरण केलं नाही तर? दहा वर्षांचा पाच-पाच लाखांचा वायदा पगारदार माणसानेही दहादा विचार करून करावा. मध्येच सोडली तर काय? ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही, वर्ष संपल्यावर, काहीतरी परत मिळतं. त्या ‘काहीतरी’चा आकडा तुमच्याच कागदावर सरेंडर व्हॅल्यूच्या रकान्यात आहे. तो वाचा, मग फ्री-लूकचे अकरा दिवस किती स्वस्त आहेत ते कळेल.

आणि ज्यासाठी तुम्ही निर्धास्त आहात तेच तपासू. टॉप-अप दहा वर्षांचा. पॉलिसीचं उत्पन्न सुरू होणार बारा वर्षांनी. कर्ज फिटून दोन वर्षं झाल्यावर त्या हप्त्यासाठी पैसे येणार! तोपर्यंत वर्षाला पाच लाख पॉलिसीत आणि दीडेक लाख टॉप-अपमध्ये, दोन्ही तुमच्याच खिशातून.

परत करताना काय करायचं ते नीट ऐका. बँकेत जाऊ नका. गेलात तर मॅनेजरसाहेब केबिनमध्ये बसवतील, ‘हप्ता कमी करून देतो’, ‘दुसऱ्या प्लॅनमध्ये टाकतो’, ‘अहो, माझं टार्गेट’ वगैरे ऐकण्यात चार दिवस जातील. विमा कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर स्वतः लिहा : पॉलिसी क्रमांक, मिळाल्याची तारीख, ‘फ्री-लूक मुदतीत रद्द करत आहे, अटी सांगितल्याप्रमाणे नाहीत’, सोबत रद्द केलेला चेक. त्याच दिवशी कंपनीच्या शाखेत मूळ बाँड आणि अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. टाळाटाळ झाली तर कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि शेवटी विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. रद्द करण्याआधी कंपनीचा फोन येईल, ‘मॅडम, तुमचं नुकसान होतंय.’ होऊ दे म्हणा. पॉलिसी देताना पडताळणीचा फोन आला होता, तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असं बँकेतून शिकवलं होतं ना? या वेळी नाही म्हणा.

एक मात्र आधी करा. या पॉलिसीत ५५ लाखांचं विमासंरक्षण होतं, तुमच्या डोक्यावर ३८ लाखांचं घरकर्ज आहे आणि मुलगी दहावीत. त्यामुळे साठीपर्यंतचा एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला वीसेक हजारांच्या घरात बसावा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. आरोग्यविम्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. कंपनीचा गटविमा राजीनाम्याबरोबर संपला. यजमानांच्या कंपनीच्या विम्यात तुमचं नाव आहे का ते आजच विचारा, आणि असलं तरी घरच्यांसाठी स्वतंत्र फ्लोटर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आरोग्यविमा, काढा. त्यांचीही नोकरी कधीतरी संपेलच.

आता खोली.

करात ३० टक्के सुटणार, हे विसरा. तुम्ही विवरणपत्र ४४एडीएखाली, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या ठोक पद्धतीने, भरता (नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, पद्धत तीच). त्यात ३२ लाखांपैकी निम्मे, १६ लाख, उत्पन्न धरलं जातं आणि उरलेले १६ लाख खर्च म्हणून आधीच मान्य होतात. घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट), फर्निचर, पडदे सगळं त्यातच आलं. नऊ लाखांची खोली करा की नव्वद हजारांची, कर तोच : नव्या करप्रणालीत उपकरासह सव्वा लाख. बरं, ही पद्धत सोडून हिशोबाची पुस्तकं ठेवली तर? फर्निचरवर घसारा वर्षाला १० टक्के, म्हणजे नऊ लाखांवर ९० हजार. तुमचा बाकीचा खरा खर्च चार लाखांच्या पुढे जात नाही. उत्पन्न सत्तावीस लाखांवर, कर चार लाखांवर. नव्वद हजारांच्या घसाऱ्यासाठी पावणेतीन लाखांहून जास्त जादा कर. तुमच्या ओळखीच्या सीएंनी हे लग्नाच्या पंगतीत बसून सांगितलं असावं. फी देऊन विचारा, वेगळं उत्तर मिळेल.

जीएसटीचं वेगळं आहे. नोंदणी तुम्हाला आहेच, तेव्हा कामासाठी घेतलेल्या सुट्या वस्तूंवर, म्हणजे खुर्ची, टेबल, मॉनिटर यांवर भरलेला जीएसटी तुम्ही वळता करून घेऊ शकता. अट एवढीच, की बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा. फॉल्स सीलिंग, भिंतीला ठोकलेलं पॅनेलिंग हे बांधकामात जातं, तिथे हे क्रेडिट मिळत नाही. म्हणजे हलवता येईल ते परवडतं, ठोकलेलं महाग पडतं. तुमच्या कोटेशनमध्ये निम्म्याहून जास्त ठोकाठोकीच आहे. आणि शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात ‘जीएसटी अतिरिक्त’ लिहिलंय, ते वाचलंत का? अठरा टक्क्यांनी नऊचे साडेदहा लाख होतात. टॉप-अपवर ते दहा वर्षांत फेडलेत तर सोळा लाख.

वीस टक्के जादा दराचं स्वप्न मला कळतं, पण क्लायंटला दिसतं काय? लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात तुमच्या खांद्यामागची चारेक फूट भिंत. वरची फॉल्स सीलिंग आणि तिच्यातले लपवलेले दिवे (१ लाख १० हजार) त्याला कधीच दिसणार नाहीत. इटालियन मार्बलचा टेबलटॉप (१ लाख ३० हजार) दिसणार नाही, उलट डिसेंबरात मनगटं गारठतील. सोफा आणि कॉफीचा कोपरा (१ लाख २० हजार) कुणासाठी? तुमचे क्लायंट पत्रात तुम्हीच म्हणता तसे कधी घरी आलेले नाहीत. त्याला ऐकू येतो तो मोकळ्या खोलीत घुमणारा आवाज, आणि त्यावर कोटेशनमध्ये एक रुपया नाही.

उंची खोली असू नये असं मी म्हणत नाही. अठरा वर्षं क्युबिकलमध्ये काढलेल्या बाईला देखण्या खोलीत बसावंसं वाटलं तर त्यात वावगं काय? पण तीन लाखांत बसवा, स्वतःच्या पैशाने, टॉप-अप न घेता. पाठीला आधार देणारी चांगली खुर्ची ४० हजारांपर्यंत, ही मात्र बसून, टेकून, अर्धा तास घालवून घ्या. लेदरची दिसायला राजेशाही असते, मे महिन्यात पाठ चिकटते. जुनं सागवानी टेबल मिळालं तर पॉलिश करून घ्या, नव्या विनीअरपेक्षा भारदस्त दिसेल आणि मुलीलाही पुरेल. कॅमेऱ्यात दिसणारी, म्हणजे तुमच्या पाठीमागची, एकच भिंत विनीअरने मढवा. पुस्तकांचं कपाट, जाड पडदे आणि सतरंजी आली की आवाज घुमायचा थांबतो. चेहऱ्यावर समोरून पडणारा एक दिवा आणि चांगला माइक, दोन्ही मिळून पंधरा हजार. एसी त्या खोलीत आहेच म्हणता.

पॉलिसीचे पाच लाख परत आले की त्यातून हे तीन काढा. एफडीतले बारा लाख वर्षभराचा घरखर्च आणि घरकर्जाचे हप्ते म्हणून बाजूला ठेवा, करार तुटला तर हेच कामाला येतील. एफडी मोडायची वेळ आली तर ती यासाठी. उरलेल्या सतरा लाखांचं घाईने काही करू नका. यजमानांचे आणि तुमचे सगळे आकडे, घरकर्जाच्या दरासकट, एका कागदावर लिहून पाठवा; मुलीच्या बारावीनंतरचा खर्चही त्यात घाला.

डिझायनरला पंचवीस हजारांचं टोकन दिलंय म्हणता. लहान कामात ते वळतं करून घ्यायला तयार झाला तर उत्तम. नाही झाला तर सोडून द्या. ते वाया जाऊ नयेत म्हणून साडेदहा लाखांचं काम काढू नका.